बोजा, पैरा आणि साळवे सिस्टर

साताऱ्यात आमच्या घरी फोन नाही. मी सुट्टीवर तिथे आले होते. शेजारच्या वकिलांकडे ट्रंककॉल आला आणि त्यांच्या मुलीने कुंपणावरून हाक मारली, तेव्हा बाबा अंगणात दाढी करत होते. तेच गेले. परत आले तेव्हा त्यांच्या अर्ध्या गालावर साबण वाळला होता. “तुझी ती सिस्टर,” ते म्हणाले, “शी इज गॉन. कुणीतरी मारलं म्हणतात.” कुणी, असं आईने विचारलं. बाबांना ते नीट ऐकू आलं नव्हतं, लाइनवर खरखर फार होती... मला विचारायची गरज नव्हती. मारणाऱ्याचं नाव मला ठाऊक होतं, घर ठाऊक होतं आणि त्या घरात शिरताना उंबऱ्यावर कोणता शब्द बोलावा लागतो तेही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. एका माथेफिरू माजी सैनिकाने परिचारिकेचा खून केला, एवढाच मजकूर, आणि शेवटी एक वाक्य होतं: परिचारिका त्या घरी कशासाठी गेली होती हे समजू शकले नाही. गेले काही आठवडे हे वाक्य माझा पिच्छा सोडत नाही. मी फार बोलणारी मुलगी नाही. माझं शिक्षण पाचगणीच्या इंग्रजी शाळेत झालं, त्यामुळे मराठी लिहितानाही मला चुकण्याची धास्ती वाटते. पण त्या कशासाठी गेल्या होत्या हे मला माहीत आहे, आणि ते कुठेतरी छापून यावं असं वाटतं म्हणून लिहिते आहे.

मनोरमा साळवे मूळच्या नगरच्या. मिशन कंपाउंडात वाढलेल्या, लग्न न केलेल्या, बुटक्या आणि खांद्याने रुंद. सांगलीत आमच्या इस्पितळाला जोडून नर्सिंगची शाळा आहे, तिथे त्या शिकवत. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले. माणूस गेल्यावर सगळे त्याला प्रेमळ म्हणतात. साळवे सिस्टर प्रेमळ नव्हत्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका विद्यार्थिनीच्या हातातला ट्रे हिसकावून भिंतीवर आदळत होत्या, कारण तिने सिरिंज नीट उकळली नव्हती. काचा माझ्या पायाशी आल्या. मी काही बोलले नाही. “ही कोण?” त्यांनी विचारलं. नवीन टायपिस्ट, असं कुणीतरी सांगितलं. “मुकी आहे का? बरं झालं. इथे बोलणाऱ्या फार झाल्यात.” तेव्हापासून मी त्यांची ‘मुकी’ झाले, आणि खरं सांगायचं तर मला ते नाव आवडायचं, कारण त्यात माझ्याकडून कसली अपेक्षा नव्हती.

ज्या कामामुळे सिस्टर त्या घरात गेल्या, त्याची सुरुवात एका मारहाणीने झाली. पुरुषांच्या वॉर्डात एक म्हातारा सकाळी वारला. त्याच्या मुलाने ड्युटीवरच्या विद्यार्थिनीचे केस धरले आणि तिचं डोकं खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सिस्टर धावत आल्या आणि हातात होतं ते बेडपॅन त्यांनी त्याच्या मनगटावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज ऑफिसपर्यंत आला आणि मी धावले. वॉर्डबॉयनी त्याला खाली दाबून धरलं. पोलीस येईपर्यंत सिस्टर स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या, धापा टाकत, आणि त्यांनी त्याला विचारलं, “तू अखेरचा झोपलास कधी?” तो माणूस त्यांच्या तोंडावर थुंकणार असं मला वाटलं. पण तो स्वतःचं कपाळ जमिनीवर आपटायला लागला. अंथरुणाला खिळलेल्या बापाचं सगळं तो एकटा करत होता. बायको कंटाळून माहेरी गेली होती. घरी तो बापालाही मारत असे, हे त्याने न विचारताच सांगितलं.

त्या मुलीच्या डोक्याला टाके घातले गेले. ती शाळा सोडून गेली. काही दिवसांनी सिस्टर माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा टाकून म्हणाल्या, “मुके, टाइप कर. घरी आजारी माणसाचं करणारे आणि इथे आपल्या नर्सेस, दोघांनाही प्रश्न विचारायचेत. दोन्हीकडचा मार एकाच जागेतून निघतो का, ते मला बघायचंय. तेवढं कळलं तर आजाऱ्याला घरी पाठवताना घरच्यांना काय शिकवायचं तेही कळेल.” वरच्या साहेबांनी परवानगी दिली, पण हसून. नर्सने इंजेक्शनं द्यावीत, संशोधन कशाला, असं त्यांनी माझ्यासमोरच म्हटलं. बाहेर आल्यावर सिस्टरांनी जिन्याच्या कठड्यावर मूठ मारली.

प्रश्न इंग्रजीत होते. ते मराठीत करायचे होते आणि आम्ही दोघीच होतो. ‘बर्डन’ या शब्दापाशी आम्ही अडलो. माझ्या डिक्शनरीत भार, ओझे, बोजा असे शब्द एका ओळीत होते. “ओझं नको,” सिस्टर पेन्सिल कानामागे खोचत म्हणाल्या. “स्वतःच्या माणसाला ओझं कोण म्हणेल? भारही नको, भाराभर वाटतं. बोजा लिही. जरा सरकारी वाटतो, लोक नीट उत्तर देतील.” मी लिहिलं. सांगली-साताऱ्याच्या वाचकाला इथेच हसू आलं असेल. पण सिस्टर मिशन कंपाउंडात वाढलेल्या आणि मी बाबांच्या नोकरीपायी लष्करी छावण्यांत. आम्हा दोघींच्या घरात कधी गुंठाभर जमीन नव्हती आणि सातबारा कशाशी खातात ते आम्हाला माहीत नव्हतं. शहरातल्या घरांत तो शब्द चालूनही गेला. एका जैन व्यापाऱ्याच्या घरी आजीबाईंचं सगळं करणारे आजोबा म्हणाले, बोजा कसला, तिने माझं साठ वर्षं केलं. सिस्टर खूश झाल्या. मग आम्ही खेड्यात गेलो.

कृष्णाकाठचं गाव. एस.टी.तून उतरून उसाच्या मधल्या वाटेने चालत जावं लागे. हवालदार धोंडीराम लढाईत डोक्यात छर्रा लागून परत आला होता. त्याला फेफरं येई, एक पाय ओढत चाले, आणि मधूनच तो अजून सीमेवर असे. इस्पितळातून त्याला घरी सोडलं होतं, कारण इस्पितळात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्ही दारात पोहोचलो तेव्हा सोप्यातल्या खाटेवरून आवाज आला, “थम! कौन आता है?” आणि त्याबरोबर एक काठी चौकटीवर इतक्या जोरात आदळली की वरची माती खाली पडली. सिस्टर थबकल्या. माझ्या तोंडून मात्र आपोआप “दोस्त!” असं निघालं. छावणीत वाढलेल्या कुठल्याही मुलीला ते येतं, आम्ही लहानपणी पहारेकऱ्यांची नक्कल करत असू. काठी खाली आली. “आगे बढ़ो,” तो म्हणाला. “अगं बाई, मुकी बोलली!” सिस्टर म्हणाल्या. त्याची बायको आतून हात पुसत आली आणि माझ्याकडे बघत राहिली. “तुमास्नी कसं म्हाईत? मला तर शिकायला ह्यो दात द्यावा लागला.” तिचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता.

ती हौसाबाई. विहिरीवरून पाणी आणलं तरी, परसातून आली तरी, रोज कितीतरी वेळा तिला स्वतःच्या घरात शिरताना नवऱ्याला ‘दोस्त’ म्हणावं लागे. डोक्यावर घागर असताना उत्तर द्यायला जरा उशीर झाला म्हणून तिचं मनगट मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं. सिस्टर तिच्या अंगावरच्या एकेका खुणेवर बोट ठेवून विचारत होत्या. “हे कशानं?” “ह्येनी.” “आणि हे?” “ह्ये बी ह्येनीच. आता सारकं काय इचारतासा, बाई? दुसरं कोन हाय हितं मारायला?” घरात विळी नव्हती, कोयता नव्हता, खुरपंसुद्धा नव्हतं. सगळं लोखंड तिने शेजारी दिराच्या घरात ठेवलं होतं. भाजी चिरायलाही ती तिकडे जाई. “कवातरी त्यो मला मारनार न्हाईतर म्या त्येला,” ती म्हणाली, आणि चुलीवरचं भाताचं पातेलं उतरवायला वळली.

तेवढ्यात दीर आला. शंकर त्याचं नाव. अंगाने आडवा, पांढरा सदरा. सरकारी बाया आल्यात असं त्याला रस्त्यावर कळलं होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. सिस्टरांनी कागद पुढे घेतला आणि स्वच्छ आवाजात वाचलं, “या रुग्णाचा बोजा घरातल्या कोणाकोणावर आहे?” हौसाबाई बिचारी विचार करून म्हणाली, “आता माज्या एकटीवर कसा म्हनू? समद्यांवरच हाय की बोजा.” सिस्टरांनी ते लिहून घ्यायला सुरुवात केली आणि शंकरचा हात सुटला. उघड्या पंजाची ती थप्पड त्यांच्या डाव्या कानावर बसली. त्या चौकटीवर आदळल्या. “माज्या रानावर बोजा चढिवतीस? तलाठ्याला फितवून वाटनी लिवायला लागलीस व्हय गं?” असं ओरडत तो हौसाबाईकडे वळला. तिला त्याने केसाला धरून भिंतीवर ढकललं, कागद फाडले, सिस्टरांची औषधांची पेटी लाथेने उडवली. आणि खाटेवरचा हवालदार लढाई सुरू झाली असं समजून उठला आणि त्याने सगळ्यात जवळ असलेल्या भावाच्या गुडघ्यावर काठी हाणली. “शाब्बास जवान!” असं तो स्वतःलाच म्हणत होता. मी भिंतीला चिकटून उभी होते. सिस्टरांच्या कानातून रक्ताची बारीक धार पांढऱ्या कॉलरवर उतरताना मला दिसत होती.

परतीच्या एस.टी.त त्या कानावर कापसाचा बोळा धरून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “मुके, रानावर बोजा म्हणजे काय गं?” मला माहीत नव्हतं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. “आवं सिस्टर, सातबाऱ्यावर कुनाचा हक्क लागला की त्येला बोजा चढला म्हनत्यात. जमीन अडकली समजायची. का, कुनाच्या रानावर चढिवला का काय?” मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याला सगळं कळल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. “मंग मार खाल्ला ह्यात नवाल न्हाई. आमच्याकडं बोजा म्हनलं की भाऊ भावाला कापतोय, तुमी तर परक्या!” सिस्टरही हसल्या. हसताना मध्येच थांबल्या आणि डोकं हलवून म्हणाल्या, “शिट्टी वाजतेय आत.” ती शिट्टी काही दिवसांनी थांबली आणि तिच्याबरोबर त्या कानाने ऐकू येणंही थांबलं. पडदा फाटला होता.

त्या परत जातील असं मला वाटलं नव्हतं. तक्रार करा, असं सगळे सांगत होते. त्या पुन्हा गेल्या त्या रागाने. क्षमा वगैरे काही नव्हतं त्यात. शंकर गोठ्यात होता. “मी कुणाच्या रानावर काही चढवायला आले नव्हते,” त्या त्याला म्हणाल्या. “माझा एक कान तू घेतलास. आता तुझे दोन्ही कान इकडे कर.” मग त्यांनी त्याला जे ऐकवलं ते मी इथे लिहू शकत नाही. त्याला लाज वाटली असावी, पण तसं दाखवणं त्याला जमणारं नव्हतं. तो फिसकन हसला. “लय पुळका आलाय न्हवं आमच्या वयनीचा? मग बसा की तिच्या जागी. येतासा का पैऱ्यानं? यक दीस तुमी हितं, यक दीस ती तुमच्या दवाखान्यात!” गोठ्यातली माणसं हसली. पैरा म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबेन, उद्या तू माझ्या. पैसे नाहीत, लिहिणं नाही, फक्त चुकवायचं नाही. सिस्टरांना हाही शब्द नवा होता. त्यांनी तो एका बाईकडून समजून घेतला, दोनदा विचारला, आणि शंकरला म्हणाल्या, “गुरुवारी माझी सुट्टी असते. गुरुवारी येते.”

आणि त्या जात राहिल्या. मी कधी बरोबर असे, कधी नसे. त्यांनाही तिथे मार बसला. पहिल्याच खेपेला हवालदाराने त्यांच्या खांद्यावर काठी मारली, आणि पुढच्या गुरुवारी त्या तो खांदा आखडलेला घेऊनच गेल्या. पण त्यांनी त्याच्या फेफऱ्याच्या गोळ्या वेळेवर पडतील असं बघितलं, पाठीवरच्या जखमा भरून आणल्या, त्याच्याजवळ कोणत्या बाजूने जायचं, अंग कसं पुसायचं, कुशीवर कसं वळवायचं हे आधी हौसाबाईला आणि मग शेजारणींना शिकवलं. त्यातल्या दोघी-तिघी हळूहळू पैऱ्यात आल्या. हौसाबाईला पहिल्या गुरुवारी काय करावं तेच सुचलं नाही, ती बांधापर्यंत जाऊन परत आली. दुसऱ्या वेळी उसाच्या सावलीत झोपली ती ऊन उतरेपर्यंत. मग एकदा औंधला यमाईला जाऊन आली आणि सिस्टरांपुढे कुंकवाची पुडी धरली. “मी ख्रिश्चन आहे गं.” “देवीला कुटं म्हाईत हाय? लावा गपगुमान.” त्यांनी लावलं. सांगलीच्या स्टँडवर उतरल्यावर पदराने पुसलं, तेही मी पाहिलं.

पैरा फेडायला हौसाबाई दर मंगळवारी आमच्या वॉर्डात येई. विद्यार्थिनी तिला घाबरत. “अगं, गुरासारकं काय ढकलतीस त्येला? बाप असता तर?” असं ती सगळ्यांसमोर बोले. आजाऱ्यांच्या नातेवाइकांजवळ ती जमिनीवर बसे, तंबाखू मळे, आणि आम्ही छापील कागदावरून ज्या गोष्टी विचारून थकलो होतो त्या तिला न विचारता ऐकायला मिळत. एका मंगळवारी त्या दोघी स्टोअररूमच्या दारात चहा पीत होत्या आणि मी आत पट्ट्या मोजत होते. हौसाबाई म्हणाली, “बाई, माजा बी हात उठला हाय. त्यो फेफऱ्यात पडला हुता, तवा. पडलेल्या मानसाला हानलं म्या, उलथनं तापवून. तवापास्नं लोखंड घरात ठेवत न्हाई.” सिस्टरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “माझाही. कोयनेला, भूकंपानंतर, तंबूत. पाय मोडलेली पोरगी होती, आईसाठी रडत होती. गप्प बसेना. मी तिच्या तोंडावर मारलं. दोनदा.” “ती जगली का?” “जगली.” “मंग?” “मग काय... ती मला बघितलं की गप्प बसायला लागली.” आतून मला दोघींच्या फक्त पाठी दिसत होत्या. त्या संध्याकाळी सिस्टरांनी प्रश्नांमधून ‘बोजा’ खोडला आणि मला नवं वाक्य टाइप करायला सांगितलं: हात उठतो का? हाच प्रश्न त्यांनी नर्सेसच्या कागदावरही घातला. साहेबांना तो अपमानकारक वाटला. पण त्यानंतर लोक बोलायला लागले, घरी आणि वॉर्डातही. दोन्हीकडची उत्तरं टाइप करताना कोणतं पान कुठलं आहे हे मला वरचं नाव बघितल्याशिवाय कळत नसे.

त्यांच्या शेवटच्या गुरुवारबद्दल मला हौसाबाईने सांगितलं, मी तशीच सांगलीला पोहोचले तेव्हा, पोस्टमार्टेमच्या खोलीबाहेरच्या पायऱ्यांवर. मी तिच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करते. सकाळ ठीक गेली होती. सिस्टरांनी त्याचं अंग पुसलं, पेज भरवली. शंकरने गोठ्याला नवी मेढ रोवायला खड्डा घेतला होता आणि पहार दाराशी भिंतीला टेकवून तो जेवायला गेला होता. सिस्टर पाणी ओतायला अंगणात गेल्या. हौसाबाई शेतावरून येत होती, तिने बोळातूनच ऐकलं, “थम! कौन आता है?” मग पुन्हा. उत्तर आलं नाही. सिस्टर दारातून आत येत होत्या आणि तो डाव्या अंगाला उभा होता. “त्या बाजूनं त्येंस्नी ऐकू येत न्हवतं. म्या बोळातनं वरडली, दोस्त, दोस्त, दोस्त म्हून... पर माजा आवाज परसातनं गेला आनि त्यो दाराकडं बघत हुता.” तिसऱ्यांदा ‘थम’ झालं आणि नंतर पहारेचा आवाज आला. एकदाच. ती पोहोचली तेव्हा हवालदार चांगल्या पायावर ताठ उभा होता. “घुसखोर था,” त्याने सांगितलं, आणि चहा मागितला. “मंग म्या च्या ठेवला,” हौसाबाई म्हणाली. “न्हाई दिला तर त्यो पुन्यांदा उटला असता. त्येचा च्या उकळस्तवर सिस्टरबाईचं डोस्कं मांडीवर घिऊन म्या चुलीम्होरं बसली. डोस्कं धरायला काय ऱ्हायलंच न्हवतं, ताई... ज्ये हुतं त्ये धरलं.” तिच्या लुगड्यावर ते अजून होतं. तिला ते कुणी बदलायला सांगितलं नव्हतं.

पैरा नसता तर तो दिवस हौसाबाईचा होता. सिस्टर तिथे नसत्या तर दारातून हौसाबाई आत आली असती, आणि तिने ‘दोस्त’ म्हटलं असतं, आणि कदाचित ती वाचली असती, त्या दिवसापुरती. याहून जास्त मला काही म्हणता येत नाही. वर्तमानपत्राला हवं असलेलं कारण हे एवढंच आहे: त्या पैऱ्याला गेल्या होत्या.

हवालदाराला वेड्यांच्या इस्पितळात नेलं. जाताना तो गाडीतल्या शिपायांना सलाम करत होता म्हणे. दफनाला शंकर आला होता, पण फाटकाच्या आत आला नाही. सगळे गेल्यावर त्याने आत येऊन मूठभर माती टाकली आणि आपल्या उजव्या हाताकडे बराच वेळ बघत उभा राहिला. गावात हौसाबाईला लोक म्हणू लागले, तुझ्या वाटणीचं मरण परक्या बाईने खाल्लं. बायका तिच्या दारावरून जाईनाशा झाल्या. नर्सने कुणाच्या घरी जायचं नाही असा हुकूम इस्पितळात निघाला. मी उरलेली पानं टाइप करत राहिले, ती कुणाला द्यायची हे कुणी सांगत नव्हतं. हौसाबाई आता यायची नाही असं मी धरून चालले होते. तिने काही फेडावं असं कुणी उरलंच नव्हतं.

मंगळवारी ती आली. तुटलेल्या चपला हातात, डोक्यावरचा पदर घट्ट. नव्या सिस्टरांनी तिला वॉर्डाच्या दारात अडवलं. “भेटायची वेळ संपली. तुमचा पेशंट कोण?” “पेशंट न्हाई. पैऱ्याची हाय म्या.” त्यांना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना म्हटलं की यांना आत जाऊ द्या, आणि माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

खिडकीजवळच्या खाटेवर साखर कारखान्यातला एक जुना वॉचमन होता. मेंदूला सूज होती. तो सारखा शिव्या देत होता आणि उशाशी बसलेल्या सुनेला मारत होता. तिचा ओठ सुजला होता. हौसाबाईने तिला उठवलं. “जा, खाली पायऱ्यावर जाऊन पड वाईच. म्या हाय.” मग ती त्याच्याजवळ गेली आणि दोन्ही तळवे एकमेकांवर जोरात घासू लागली. ही सिस्टरांची सवय. आजाऱ्याला हात लावण्याआधी त्या नेहमी तळवे घासून गरम करत. गार हात लागला की माणूस दचकतो आणि दचकला की मारतो, असं त्या विद्यार्थिनींना ओरडून सांगत. भांडता भांडता, कुणावर खेकसतानाही त्यांचे हात तेवढं करत असत. हौसाबाईने तळवे कानाला लावून पाहिले आणि म्हाताऱ्याच्या पाठीखाली घातले.

“आता हा पैरा कुणाचा?” मी विचारलं. “सिस्टर तर नाहीत.”

“त्येंचा गुरवार ऱ्हायलाय माज्या अंगावर.”

“पण फेडून घ्यायला त्या नाहीत ना.”

“मंग? मानूस मेलं म्हून पैरा बुडवायचा व्हय?” तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी ऑफिसची होते, माझ्या हातात कागद होते. “तुमी हाय की. बसा हितं. म्या च्या पिऊन येते, सकाळधरनं पोटात काय न्हाई.”

आणि ती गेलीसुद्धा. वॉचमनने तोंड माझ्याकडे वळवलं, एक घाण शिवी दिली आणि हात उगारला. मी कागद खिडकीत ठेवले. स्टूल त्याच्या नजरेसमोर येईल असं सरकवलं आणि तळवे एकमेकांवर घासायला लागले. माझे हात नेहमीच गार असतात. ते तापायला वेळ लागत होता.